मामांना समजलेला क्लास

हाडांच्या दवाखान्यात त्यांना नाव कुणी विचारत नाही. मोठ्या डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांचे ते मामा. प्लास्टरच्या खोलीचे मामा. बादलीत कोमट पाणी घ्यायचं, त्यात पट्टीची गुंडाळी सोडायची, बुडबुडे थांबले की काढायची, हलकेच पिळायची आणि मोडलेल्या हातावर चढवायची. दाबायचं ते तळव्याने, बोटांनी नाही. बोटाचा खळगा राहिला तर आतल्या कातडीला जखम होते. नव्या शिकाऊ डॉक्टरांना हे मामाच शिकवतात. मग ते डॉक्टर मोठे होऊन कुठेकुठे निघून जातात आणि मामा बादलीतलं पाणी बदलतात. सव्वीस वर्षं हेच चाललंय.

त्यांच्या एकुलत्या एक लेकीलाही डॉक्टर व्हायचंय. गेल्या वर्षी प्रवेश परीक्षेत अकरा मार्कांनी हुकलं. बाकी सगळं चांगलं होतं, फिजिक्सने घात केला. निकालानंतर ती दोन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपली आणि तिसऱ्या दिवशी उठून म्हणाली, "एकच वर्ष अजून द्या, बाबा. नाही झालं तर जे मिळेल ते शिकेन. कुरकुर करणार नाही."

"आणि क्लास? गेल्या वर्षीचाच?"

"तो नको. पण कुठला हवा ते तुम्ही ठरवा. माझं डोकंच चालत नाही आता."

म्हणून मामा क्लास बघायला निघाले. प्रत्येक क्लासमध्ये पालकांना एक तास मागच्या बाकावर बसून शिकवणं बघता येतं. सकाळी सातला लागलेली ड्यूटी संपवून, नखांतलं प्लास्टर निघेपर्यंत हात धुऊन, मामा थेट तिथे जायचे. पायांचे तुकडे पडलेले असायचे.

पहिला क्लास म्हणजे भलामोठा हॉल. चारशे मुलं, सरांच्या कॉलरला माइक, वर गार हवा. मामांचा बसल्या बसल्या डोळा लागला. शेजारच्या बाईंनी कोपराने ढोसलं.

"अहो, घोरताय."

"माफ करा हं. काय शिकवलं इतका वेळ?"

"कुणाला ठाऊक! पण मी जागी होते."

दुसऱ्या क्लासात खोली लहान होती. शिकवायला एक किरकोळ अंगाच्या बाई. हसणं नाही, विनोद नाही. दोन फळे होते. एकावर लिहून झालं की दुसऱ्यावर, दुसरा भरेपर्यंत पहिला पुसलेला. मुलांच्या माना खाली, हात धावताहेत. मध्येच बाई एखाद्याला उठवून म्हणायच्या, "हे असंच का? सांग." तो वही चाळू लागायचा. "बस. उद्या सांग." तासाभरात मामांना ओळखीची वाटली ती फक्त खडूची धूळ.

तिसरा क्लास मात्र त्यांना पार आवडून गेला. तिथले सर हसतमुख, पोट सुटलेले. त्यांनी पाण्याने भरलेली बादली एका हाताने उचलून धरली आणि विचारलं, "आता माझ्या कोपरावर काय काय ओझं आलंय?" मग बाण काढत काढत त्यांनी हाड, स्नायू, वजन असं सगळं उलगडून सांगितलं. मामा बाकावर पुढे सरकून बसले. सर म्हणाले, "आणि अशा वेळी पाय घसरून मी तळहातावर पडलो, तर मोडेल काय?"

मागून मामा बोलून गेले, "मनगटाच्या वरचं हाड! अंगठ्याच्या बाजूचं!"

"वा! पालकांनाच प्रवेश द्यायला हवा!" सगळा वर्ग हसला. मामाही लाजून हसले.

ते घरी आले तेव्हा बायको गणवेशाच्या बाह्या शिवत होती. तिने मशीन थांबवलं.

"हसताय चक्क! कुणाचं हाड न बांधता जुळलं?"

"अगं, ठरला क्लास! मला, मला सगळं समजलं तिथे. अथपासून इतिपर्यंत. मग हिला किती समजेल!"

शनिवारपर्यंत जागा पक्की करायची होती. त्याआधी दोन दिवस मुलांनी बसून बघायचं, अशी तिथली पद्धत. लेक गेली. पहिल्या दिवशी आल्यावर म्हणाली, "छान आहे." दुसऱ्या दिवशी, "छान आहे, बाबा." जेवताना पुन्हा, "छानच आहे."

"इतक्यांदा छान म्हणजे काहीतरी बिनसलंय," बायको म्हणाली.

"तुला सगळ्यातच खोट दिसते," मामा म्हणाले. आपल्याला कळलेलं कागदावर कसं दिसतं, या उत्सुकतेने त्यांनी लेकीची वही उघडली. पहिल्या पानावर तारीख होती. कोपऱ्यात पेनाने काढलेलं एक मांजर. दुसऱ्या पानावर तारीख आणि मांजराची दोन पिल्लं.

"हे काय? दोन दिवसांत काहीच लिहिलं नाहीस?"

लेक ताटात बोट फिरवत राहिली.

"लक्ष नव्हतं का?"

"होतं."

"मग?"

"येत होतं मला ते. सगळं. गेल्या वर्षीच येत होतं, बाबा."

मामा वही हातात धरून उभे राहिले. बायकोने 'म्हटलं नव्हतं?' असं टोचलं नाही, याचंच मामांना जास्त लागलं.

"आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही इतके खूश होतात. आणि..." ती थांबली. "आणि मलाही बरं वाटत होतं तिथे. कुणी उठवून विचारलं तर उत्तर यायचं. वर्षभर तसंच बसायला मिळालं असतं ना... मी दमलेय हो."

"मीही दमलोय," मामा म्हणाले. तक्रार नव्हती ती. नुसतंच म्हणाले आणि तिच्या समोर बसले. "माझंच चुकलं. ज्याला जे येतं तिथे त्याला बरं वाटणारच. शिकाऊ डॉक्टरांनी बांधलेली पट्टी सोडून परत बांधायला लावतो मी, आणि इथे..." त्यांनी वही मिटून तिच्यापुढे ठेवली. "ती दोन फळ्यांवाली बाई आहे. तिथे मला काही म्हणजे काही कळलं नाही."

"तिथे माझी मैत्रीण जाते. रडते रोज."

"सोडला का तिने क्लास?"

"नाही. जाते मात्र रोज."

"मग?"

लेकीने ताट बाजूला सारलं. आई म्हणाली, "अगं, वर्ष तुझं आहे. बाबांना खूश ठेवायला आपण दोघी आहोतच की. त्यासाठी वर्ष कशाला घालवायचं?"

"तिथे मी सगळ्यात मागे असेन," लेक म्हणाली.

"मग अस मागे."

"चालेल तुम्हाला?"

"मला विचारू नकोस. मी निवडून बघितलं एकदा."

तिला हसू आलं, पण थोडंच. "जाते," ती म्हणाली.

शनिवारी दवाखान्यातून सुटल्यावर मामा त्या लहान खोलीच्या क्लासात गेले. टेबलामागचा कारकून फॉर्म भरत होता.

"आमच्याकडे का यावंसं वाटलं? लिहावं लागतं. निकाल बघून, ओळखीतून, जाहिरात बघून?"

"मी एक तास बसलो होतो मागे."

"आवडलं शिकवणं?"

"एक अक्षर कळलं नाही."

कारकुनाने मान वर करून बघितलं, मग 'ओळखीतून' वर खूण केली आणि शिक्का मारला.

सोमवारी पहिला तास. मामा ड्यूटीवरून येऊन जिन्यात, पायरीवर बसून राहिले. दार उघडलं, मुलं बाहेर पडली. लेक सगळ्यात शेवटी आली, बोटांना शाई, डोळे लाल.

"उठवलं का बाईंनी?"

"दोनदा."

"आलं उत्तर?"

"नाही. उद्या सांग म्हणाल्या."

"कळलं किती एकूण?"

तिने विचार केला. "चार आणे."

"बारा आणे राहिले मग."

"हो ना."

मामांनी कठड्याला धरून गुडघे सरळ केले आणि तिची बॅग घ्यायला हात पुढे केला. तिने दिली नाही. दोघं सावकाश जिना उतरू लागले. अर्ध्यावर ती थांबली, भिंतीला टेकून वही उघडली आणि बाईंनी विचारलेला प्रश्न पुन्हा वाचायला लागली. मामा एक पायरी खाली थांबले.