परतीची दोन तिकिटं

साताऱ्याहून निघतानाच परतीची दोन तिकिटं काढली होती, एक माझं आणि एक नातवाचं. सोळा वर्षांच्या ओंकारने दिल्लीत मित्रांबरोबर शेजाऱ्याची स्कूटर पळवली होती, चक्कर मारायला म्हणून. पकडला गेला, जामिनावर घरी आला. आता त्याला गावी न्यायचं, असं मी आणि त्याची आई, माझी मुलगी सुनंदा, आम्ही ठरवलं होतं.

निजामुद्दीनला उतरून रिक्षा मुद्दाम सरोजिनी नगरवरून घेतली. इथल्या सरकारी क्वार्टरात माझा संसार झाला. आमची ओळ पाडलीय. कडुनिंब तेवढा उभा आहे. त्याच्याखाली थंडीत खाटा टाकून आम्ही बायका मटार सोलायचो आणि निम्मे पोरंच खायची. कोपऱ्यावर शकरकंदी (भाजलेलं रताळं) घेतली. चव तीच, लिंबू कमी.

तिथून ओंकारच्या सुनावणीला बाल न्याय मंडळात गेले. सुनंदा आणि ओंकार आधीच आले होते. बाकावर शेजारी स्वेटर घातलेला एक माणूस बसला होता. त्याला रताळं दिलं आणि पोलिसांना मनसोक्त शिव्या घातल्या. आमच्या ओळीतल्या एका पोराला सायकल चोरली म्हणून पोलिसांनी दोरी बांधून सगळ्या कॉलनीतून नेलं होतं, तेही सांगितलं.

"माताजी, पुलिस तो मैं ही हूँ," तो म्हणाला. "बच्चों के केस में वर्दी नहीं पहनते."

"अच्छा. खा अब, ठंडा हो रहा है."

आत पिंजरा नव्हता, उंच खुर्चीही नव्हती. साध्या टेबलामागे मॅजिस्ट्रेट बाई आणि दोन समाजसेवक बसले होते. मी सांगून टाकलं, मुलाला गावी नेते, तिकीटसुद्धा काढलंय.

"उससे पूछा आपने?" बाई म्हणाल्या आणि त्याच्याकडे वळल्या. "बोलो बेटा, तुम क्या चाहते हो?"

ओंकार माझ्याकडे बघेना. "यहीं रहना है. स्कूल यहीं है. और स्कूटरवाले अंकल रोज़ दिखते हैं. गाँव गया तो उन्हें लगेगा, भाग गया."

त्यांनी त्याला आईजवळच ठेवलं. समुपदेशनाला जायचं आणि रविवारी सेवेचं काम करायचं. मी काढलेल्या त्याच्या तिकिटाचं कोणी नाव काढलं नाही.

स्टेशनवर पिशवी उचलताना त्याने विचारलं, "आजी, तू नाराज आहेस?"

"आहे. आणि स्वेटर घाल."

गाडीत त्याच्या रिकाम्या जागेवर डबा ठेवला. सुनंदाने सकाळीच दोघांच्या पुऱ्या करून आणल्या होत्या. चौथीनंतर माझी शाळा बंद करायचं ठरलं, तेव्हा घरातली मोठी माणसं ओसरीवर बसून बोलत होती आणि मी दाराशीच उभी होते. कोणी माझ्याकडे वळून विचारलं असतं, तर माझं उत्तर तयार होतं.