शुक्रवारी बंद असलेला कारखाना

पहिलं लेथ मशीन यावं म्हणून मी सोळा सोमवार धरले होते. उद्यापन झालं आणि मशीन आलं, पण सेकंडहँड! हे हसून म्हणाले, "अगं, नवीन हवं असं तू देवाला सांगितलंच कुठे?" तेव्हापासून आमच्या भिवंडीच्या गाळ्यात पॉवरलूमचे गिअर बनतात, आणि लेथखाली लोखंडाचा भुसा साचावा तसे किस्से साचतात. हल्लीचे मात्र बहुतेक संतापाचेच!

आमच्या धाकट्या भाऊजींचंच घ्या. गाळा दोघा भावांच्या नावावर, भाऊजी ठाण्याला. सणाला येतात, पुरणपोळी खातात आणि विषय काढतात, "वहिनी, काल्हेरपासून मानकोलीपर्यंत गोदामंच गोदामं झाली. तुम्ही कसले गिअर घासताय? विकून टाका!"

मी म्हटलं, "भाऊजी, तुमचं इंजिनिअरिंग याच गिअरवर झालं."

"म्हणूनच तर मला कळतं त्यातलं!"

घ्या!

हनीफभाई आमचे जुने गिऱ्हाईक, लूमवाले. एकदा तणतणत आले आणि टेबलावर गिअर आपटला. "दादा, हा बघा इम्पोर्टेड माल! याला म्हणतात फिनिशिंग. तुम्हाला का जमत नाय?"

ह्यांनी गिअर गुपचूप माझ्याकडे सरकवला. कुणा व्यापाऱ्याने आमचा छाप घासून काढला होता! पण माल बाहेर पडण्याआधी पेटीतल्या वरच्या नगाला मी कुंकू लावते, ते दातांच्या खाचेत तसंच होतं.

मी विचारलं, "हनीफभाई, फॉरेनलाही कुंकू लावतात का हो?"

भिवंडीत लूमची, म्हणून आमचीही, सुट्टी शुक्रवारी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. भाऊजींनी पाठवलेला एजंट नेमका शुक्रवारी आला. मी एकटीच लेथला फुलं वाहत होते. त्याने चारी बाजूंना बघितलं. "आँटी, धंदा कधीपासून बंद आहे?"

"काल रात्रीपासून. उद्या सकाळी चालू होईल!"

त्याने इतक्या दयेने माझ्याकडे पाहिलं की मला माझीच कीव आली. जाताना शटरवर बोर्ड लावून गेला, 'गाळा विकणे आहे'. विचारलंसुद्धा नाही! उपवास होता म्हणून तोंडातले शब्द गिळले.

घरी हे एवढंच म्हणाले, "धाकट्याचाही हक्क आहे. लोकांनाच आपली गरज उरली नसेल, तर देऊन टाकू."

शनिवारी सकाळी गेलो, तर शटरच दिसेना! आमच्याकडे ऑर्डर कागदावर येत नाही. तुटलेला पार्ट आणून दारात ठेवला, की झाली ऑर्डर. बोर्ड वाचून लूमवाल्यांनी माळ्यावरचं, कोपऱ्यातलं, जे जे मोडकं ते सगळं आणून रचलं होतं. हनीफभाई अजून टेम्पो खाली करत होते.

तेवढ्यात भाऊजींची गाडी आली. "अहो, हे हटवा! पार्टी येतेय गाळा बघायला!"

हनीफभाई शांतपणे म्हणाले, "हटवतो ना, शेठ. दादा एकेक बनवून देतील, तसा एकेक हटवतो."

तुमच्याही गावात असं एखादं शटर असेल. मोडलेलं काही भंगारात देऊ नका हो. त्या दारात नेऊन ठेवा.