कमी पट्टीच्या कॅसेटी

उखर्डूचा फोन आला तेव्हा सुलक्षणाबाईंच्या तव्यावर कळण्याची भाकरी होती. उखर्डू म्हणजे बाईंच्या एरंडोलच्या शाळेतला जुना शिपाई. तो कधी उगाच फोन करत नसे.

"बाई, तुमना त्या जुना कंप्युटर सकायलेच टेम्पोमा भरी दिधात. माले आत्ते समजनं. काचना कपाटमधलं बठ्ठं गयं, कॅसेटीसनी थैलीबी गयी."

"थैली? खाकी? नक्की पाहिलीस?"

"मी नही देखी. पण कपाट खाली शे."

"कोणाकडे गेला टेम्पो?"

"अभिमन भंगारवाला शे ना, जळगावले, वसाहतमा. त्यानाकडे."

बाईंनी गॅस बंद केला. भाकरी तव्यावरच राहिली. "अहो, स्कूटर काढा," त्या बाहेर ओरडल्या, आणि सुकदेवरावांनी "आता? या उन्हात?" असं विचारेपर्यंत त्या डोक्याला रुमाल बांधून दारात उभ्या होत्या.

सुलक्षणाबाई नेहेते गणिताच्या शिक्षिका. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. त्यांच्या जळगावच्या घरात मागच्या खोलीत जुने घरगुती कंप्युटर होते, एकंदर सतरा. की-बोर्डमध्येच सगळं पोट असलेले, टीव्हीला जोडायचे, टेपरेकॉर्डरवरून प्रोग्रॅम वाचणारे. कोणता इंदूरहून आणलेला, कोणता सुरतच्या बाजारातला, एक तर नाशिकच्या एका डॉक्टरीणबाईंनी पोस्टाने पाठवलेला. बाई स्वतः सोल्डरिंगचे डाग द्यायच्या, सुटलेल्या तारा जोडायच्या, फुगलेले कपॅसिटर बदलायच्या. नातेवाइकांना वाटायचं, म्हातारपणी बाईंना खूळ लागलं.

खूळ लागलं होतं ते मात्र सत्याऐंशी साली. सरकारी योजनेतून शाळेत बीबीसी मायक्रो नावाचे दोन विलायती कंप्युटर आले. गावात बातमी पसरली, शाळेत बीबीसी आलं, आता बातम्या ऐकायला मिळणार. शिकवायला कुणी तयार नव्हतं, म्हणून सगळ्यांत तरुण शिक्षिकेला, म्हणजे सुलक्षणाबाईंना, धुळ्याला देवपुरातल्या एका कॉलेजात तीन आठवड्यांच्या शिबिराला धाडलं. परत आल्या त्या पार बदलून. चपला बाहेर काढून, पडदे ओढून, एकेका यंत्रापुढे पाच पाच मुली बसवायच्या आणि त्यांच्याकडून प्रोग्रॅम लिहून घ्यायच्या. जे जमलं ते कॅसेटवर साठवायचं, कॅसेटवर नाव लिहायचं, आणि कॅसेट खाकी थैलीत. नऊ वर्षांत थैलीत तीसेक कॅसेटी जमल्या. शहाण्णवला बदली झाली तेव्हा नियमाप्रमाणे बाईंनी थैलीसुद्धा यादीत लिहून, सही करून ताब्यात दिली. त्या सहीचा त्यांना पुढे फार पश्चात्ताप झाला. दर दोन-चार वर्षांनी मागायला जायच्या. प्रत्येक मुख्याध्यापक म्हणायचा, "डेडस्टॉक आहे बाई, असं देता येत नाही."

यंत्रं कुठेही मिळतात, हे त्या सतरांवरून त्यांना कळलं होतं. मुलींनी लिहिलेलं मात्र त्या एका थैलीतच होतं.

औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडचं फाटक उघडंच होतं. आत विचित्र शांतता. देखभालीसाठी सकाळपासून लाइट बंद होती. शेडच्या मध्ये प्लॅस्टिक दळायची मोठी चक्की थंड उभी. चटईवाल्यांसाठी, खेळण्यांसाठी इथून चुरा जायचा. भिंतीला टेकून शाळेची बीबीसी यंत्रं पडली होती, एकाचं झाकण उघडून बोर्ड काढून घेतलेला. बाईंनी तिकडे एकदाच पाहिलं, कारण त्यांची नजर खाली गेली होती.

जमिनीवर तपकिरी पट्टीचा ढीग होता. गुडघाभर, केसांच्या जटेसारखा.

ढिगाशेजारी एक बाई बसली होती. कॅसेट उचलायची, दगडावर आपटायची, आतली पट्टी खसकन ओढून ढिगात टाकायची, आणि रिकामं टरफल क्रेटमध्ये. पट्टी चक्कीच्या पात्यात अडकते, म्हणून आधी काढायची. शेजारी पाण्याची बादली; चुऱ्यात कागद नको म्हणून ओल्या फडक्याने आधीच काढलेली लेबलं तिच्यात तरंगत होती. बाईंनी वाकून एक उचललं. शाई पार पसरलेली. अक्षर त्यांचंच होतं.

"थांब!" बाई ओरडल्या. "अगं थांब, काढू नकोस!"

ती बाई दचकली. तिचं नाव रुपली. यावलच्या वरच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली, उन्हाळ्यात कामासाठी इथे आलेली. ती म्हणाली, "शेठने सांगितलं, लाइट यायच्या आत बठ्ठं संपव."

ऑफिसातून अभिमन बाहेर आला. पन्नाशीचा, घामाघूम, हातात फोन. त्याने बाईंचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, पण मान हलवली. "बाई, माल संध्याकाळपर्यंत धुळ्याला पोचवायचाय. गाडी उभी आहे बाहेर. आणि या कॅसेटी दोन ठिकाणच्या एकत्र आल्यात. शाळेच्या, आणि एक कॅसेटचं दुकान बंद झालं तिथल्या. हजारभर आहेत. तुमच्या कोणत्या, कसं कळणार?"

खरंच, कसं कळणार? लेबलं गेलेली. सगळी टरफलं काळी, सगळी सारखी. सुकदेवराव हळूच म्हणाले, "अगं, आता सोड." बाईंना त्यांचा इतका राग आला की त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

त्यांनी न फोडलेल्या कॅसेटींच्या ढिगातून एक उचलली, उजेडात धरली. मधल्या खिडकीतून पट्टीचं जाडजूड वेटोळं दिसलं. गाण्यांची, तासाभराची. दुसरी उचलली. तीही जाड. आणि मग त्यांना आठवलं. प्रोग्रॅमला पट्टी लागते किती? दोन-तीन मिनिटांची. म्हणून त्या जळगावहून मुद्दाम पंधरा मिनिटांच्या कॅसेटी आणायच्या.

"रुपली, इकडे बघ. खिडकीतून बघायचं. हे वेटोळं बोटाएवढं बारीक दिसलं तर ती माझी. जाड असली की तुझी."

रुपलीने दोन कॅसेटी डोळ्यांशी धरल्या. "हाई जाडी. हाई पातळ शे." तिच्या हातात आलेली पहिलीच पातळ निघाली.

मग दोघी समोरासमोर बसल्या. बाई साठी ओलांडलेल्या, प्रत्येक कॅसेट दोनदा उजेडात धरून बघत होत्या. रुपलीची बोटं मक्याचे दाणे सोलावेत तशी चालत होती. जाड, जाड, जाड, पातळ. पत्रा तापून वरून आग ओतत होता. बाईंच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला तरी त्यांनी पुसला नाही. चार झाल्या. सहा झाल्या. सुकदेवरावही खाली बसले आणि तिसरा ढीग त्यांनी घेतला. अभिमन दारात उभा राहून दर मिनिटाला विजेच्या खांबाकडे बघत होता.

नवव्या कॅसेटला पंखा फिरला.

"आली लाइट!" अभिमन ओरडला आणि त्याने खटका दाबला. चक्की आधी गुरगुरली, मग तिने असा आवाज धरला की शेडचे पत्रे थरारले. त्याने पहिलं क्रेट उचलून वरच्या तोंडात ओतलं. कडकड फुटण्याचा आवाज आला.

"भाऊ, दहा मिनिटं!" बाईंचा आवाज कुणाला ऐकू जाईना. त्याने दुसरं क्रेट उचललं. ते अर्धं ओतलं गेलं तेव्हा बाईंना चक्कीत पडणाऱ्या टरफलांमध्ये एक न फोडलेली कॅसेट दिसली. खिडकीत पातळ वेटोळं. चुकून पट्टी न काढता तशीच गेलेली.

त्यांनी विचार केलाच नाही. स्टुलावर चढून त्यांनी चक्कीच्या तोंडात हात घातला.

रुपलीने मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि दोघी धाडकन जमिनीवर आपटल्या. बाईंच्या बांगड्या फुटल्या, कोपर सोलून निघालं. हात शाबूत होता. कॅसेट गेली होती.

अभिमनने चक्की बंद केली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो म्हणाला, आवाज फाटलेला होता, "काय कामाचं होतं बाई तिच्यात? हात गेला असता तुमचा!"

रुपली चिडून म्हणाली, "शेठ, आता चालू नका करू. मी बठ्ठं बघीसन देते." आणि तिने उरलेली क्रेटं जमिनीवर पालथी केली. अभिमनने फोन लावून धुळ्याच्या पार्टीला सांगितलं, गाडी तासभर उशिरा निघेल.

अकरा कॅसेटी मिळाल्या. एकीची पट्टी अर्धी ओढलेली होती, ती रुपलीने पेन्सिलीने गरागरा फिरवून आत घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी आपला चांगला चालणारा बीबीसी टीव्हीला जोडला. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसलं. कोपराला पट्टी बांधलेली. पहिली कॅसेट: नुसती खरखर. दुसरी थोडी वाचली आणि पडद्यावर सूचना आली, टेप मागे घ्या. तीनदा मागे घेतली, तीनदा तेच. तिसरी कोरी, चौथी तुटली. सुकदेवराव चहा घेऊन आले आणि तसेच कप धरून उभे राहिले. पाचवी लावली. किर्र आवाज सुरू झाला, पडद्यावर आकडे सरकू लागले. शून्य, एक, दोन. चारवर ते अडखळले. पाच. सहा. आवाज थांबला.

प्रोग्रॅम चालू झाला. इंग्रजी अक्षरांत मराठी: नाव सांग. बाईंनी नाव टाइप केलं. मग प्रश्न: सतरा गुणिले चार? गणिताच्या शिक्षिका, पण त्या क्षणी घाईघाईत चुकीचं बटण दाबलं गेलं.

पडद्यावर उमटलं: हात पुढे कर.

बाई खुर्चीत मागे सरकल्या. हे त्यांचं वाक्य होतं. वर्गात छडी उचलताना त्या हेच म्हणायच्या. त्यांनी प्रोग्रॅमची ओळीओळीने यादी काढली. पहिल्याच ओळीत नाव होतं, मयुरी, नववी ब. हा प्रोग्रॅम त्यांना कधी कुणी दाखवला नव्हता. साहजिकच.

अकरापैकी चार कॅसेटी वाचल्या. बाईंनी चारींच्या नकला केल्या.

मयुरीचा पत्ता उखर्डूने आठवड्यात शोधला. ती भडगावला होती, शिवणाचं दुकान होतं तिचं. बाईंनी फोन केला, सगळं सांगितलं. त्या सांगत होत्या तोवर पलीकडून शिवणयंत्राचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"मला आठवत नाही हो बाई, मी असं काही लिहिलेलं," मयुरी म्हणाली. "छडी आठवते."

"चुकलंच माझं ते," बाई म्हणाल्या. "ये एकदा. तुझा प्रोग्रॅम बघायला ये."

"येते. पण बाई, सतरा चोक अजून येत नाही मला."