भुईला लोखंड

साळिंदवाडीचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, आणि त्यात तुमची काही चूक नाही. चंदगडहून तिकडं एकच एसटी जाते, तीही ड्रायव्हरच्या मनात आलं तर. नाहीतर तो पावण्यांना फाट्यावर उतरवतो, ‘त्या डोंगराच्या मागं’ म्हणून हात दाखवतो आणि गाडी वळवून मोकळा होतो. डोंगराच्या मागं मोजकी घरं, भाताची खाचरं, काजूची झाडं आणि रवळनाथाचं देऊळ. डोंगराच्या माथ्यावर मात्र झाडाचं नाव नाही. तिथं बॉक्साइटची खाण आहे.

ज्ञानू गावडे या गावचा मानकरी. मानकरी म्हटलं की फेटा आणि मिशा डोळ्यांपुढं येतील, तर तसलं काही नाही. ज्ञानूचा मान सगळा घशात. शिमग्याच्या आधीचे पाच मंगळवार साळिंदवाडी ‘वार’ पाळते. त्या दिवशी भुई पाठ टेकते, तिला उठवायचं नाही, अशी गावाची समजूत. नांगर नाही, कुदळ नाही, साधं खुरपंही मातीला लावायचं नाही. सोमवारी संध्याकाळी गावड्यांच्या घरातल्या कर्त्यानं दारोदार हाक द्यायची, ‘उद्या वार हाय, भुईला लोखंड लावू नका!’ आणि मंगळवारी दिवेलागणीला देवळात उभं राहून विचारायचं, ‘कुणी वार मोडला?’ ज्यानं मोडला असेल त्यानं आपण होऊन पुढं यायचं, नारळ ठेवायचा आणि चुकलो म्हणायचं. ज्ञानूच्या बापानं हे केलं, आजानं केलं, आता ज्ञानू करतो.

दोन वर्षांपूर्वी ज्ञानूला खाणीवर पोकलेन चालवायची नोकरी लागली. थोरली पोरगी क्रांती कोल्हापुरात मंगळवार पेठेत खोली घेऊन नर्सिंग शिकते, आणि ते शिक्षण भाताच्या चार खाचरांवर निघण्यातलं नाही. खाणीला सुट्टी गुरुवारची. ‘तेवढे पाच मंगळवार सोडा की साहेब,’ असं ज्ञानूनं सुपरवायझरला विचारून पाहिलं. साहेब नुसता हसला. रागावला असता तर ज्ञानूनं चार शब्द सुनावले असते. हसणाऱ्याला काय सुनावणार?

तेव्हापासून हे असं चाललं होतं. सोमवारी गावाला हाक द्यायची, आणि मंगळवारी गावातल्या सगळ्या कुदळींना जन्मात उकरता येणार नाही एवढा डोंगर एकट्यानं उकरायचा. ज्ञानूनं मनाची समजूत घालून ठेवली होती. खाण काय गावाच्या शिवारात मोडत नाही. लोखंड कंपनीचं. आपण नुसता दांडा ओढतो. आणि गावातलं कुणी कधी अवाक्षर काढत नसे, त्यामुळं ही समजूत चांगली दोन वर्षं टिकली.

यंदाच्या तिसऱ्या मंगळवारी तो खाणीवरून आला, अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि देवळात जाऊन उभा राहिला. माणसं जमली होती. त्यानं नेहमीच्या खड्या आवाजात विचारलं, ‘कुणी वार मोडला?’

‘मी मोडला,’ म्हणत बायडाबाई पुढं आली. देवळाच्या खालच्या अंगाला एकटी राहणारी म्हातारी, पोरगा गोव्यात हॉटेलात कामाला. ‘वासरू मेलं रं सकाळी. कुत्री यायला लागलती. घरात दुसरं कोन न्हाय. मीच कुदळ घेतली आन् परड्यात पुरलं.’

ज्ञानूनं तिथं क्षणभर थांबायला हवं होतं. पण सवयीची जीभ मनाच्या पुढं धावते.

‘उद्यापतोर झाकून ठेवायचं हुतं की, आक्का. वार म्हंजे वार. ठेव नारळ.’

‘व्हय बाबा, चुकलं माझं.’ नारळ तिनं पदरात आणलेलाच होता. तो तिनं देवापुढं ठेवला, कपाळ टेकलं. ज्ञानूनं नारळ फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे वाटत वाटत तिच्यापर्यंत आला. म्हातारीनं तुकडा घेतला, त्याच्या हाताकडं बघितलं. नखांत खाणीची तांबडी माती तशीच होती. तिनं तो तुकडा परत त्याच्याच तळहातावर ठेवला.

‘तूच खा. दिसभर वर राबलास. पोटात काय नसंल.’

टोमणा असता तर ज्ञानूनं परतवला असता. पण बायडाबाईच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरोखरची माया होती. ज्ञानूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेलेलं वासरू पुरलं म्हणून आपण हिला देवापुढं वाकवलं, आणि आपण सकाळपासून काय करत होतो? हे गावाला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं?

तो आठवडा त्यानं कसाबसा काढला. म्हातारी समोरून येताना दिसली की हा दुसऱ्या बोळात शिरायचा. नोकरी सोडावी असं रोज वाटायचं आणि क्रांतीचा फोन आला की ते वाटणं गप्प बसायचं.

पुन्हा सोमवार आला. ज्ञानू हाक देत निघाला. बायडाबाईच्या दारापाशी आल्यावर आवाज फुटेना. हिला कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यानं मान खाली घातली, ते एक दार सोडलं आणि पुढच्या दाराला हाक दिली.

‘ज्ञानबा!’ मागून म्हातारी अनवाणीच धावत आली. ‘माझं दार सोडलंस? मला वाळीत टाकलं व्हय रं गावानं? नारळ ठेवला की मी. चुकलं म्हटलं. अजून काय करू?’

दारादारांत माणसं येऊन उभी राहिली. आपली लाज झाकायला आपण या म्हातारीला केवढी भीती घातली, हे ज्ञानूला कळलं आणि तो आणखीच खजील झाला.

‘न्हाय आक्का. तसलं काय न्हाय,’ तो म्हणाला. मग सगळ्यांच्या देखत, दोन वर्षांत पहिल्यांदाच, त्यानं ते तोंडानं सांगितलं. ‘उद्या माझी ड्युटी हाय. तुझ्या दारात हाक द्यायची मला लाज वाटली.’

बायडाबाईनं पदरानं डोळे पुसले.

‘पोरीसाठी करतोस. ते दिसतंय की आमाला,’ ती म्हणाली. ‘पर माझं दार सोडू नगंस बाबा. हाक आली न्हाय तर मी या गावची हाय का न्हाय, कसं कळंल मला?’

ज्ञानू मागं फिरला आणि तिच्या दारात उभं राहून त्यानं हाक दिली. आवाज चिरकला, पण दिली.

मंगळवारी सकाळी खाणीची जीप आली. एरवी मागं बसणारा ज्ञानू आज पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. बायडाबाई अंगण झाडत होती. जीप दिसताच तिनं खराटा टेकवला, आत गेली आणि दार ओढून घेतलं, आवाज होणार नाही असं हळू. पलीकडं तानाबाई भांडी घासत होती, तीही आत गेली, तिचंही दार लागलं. मग त्यापुढचं. चुली पेटलेल्या होत्या, कोंबड्या मोकळ्या सुटल्या होत्या, आणि जीपच्या पुढं एकेक दार मिटत चाललं होतं. दोन वर्षं ज्ञानू समजत होता की वाराच्या दिवशी या वेळेला गाव उठलेलं नसतं, म्हणून आपल्याला कुणी बघत नाही. हे आपलं नशीब, असंही त्याला वाटायचं. गाव तर केव्हाच उठलेलं होतं, त्याला लाज वाटू नये म्हणून आत जात होतं.

‘मंगळवारी तुमचं गाव लई उशिरा उठतं वो, गावडे,’ ड्रायव्हर म्हणाला.

‘व्हय,’ ज्ञानू म्हणाला आणि मान खाली घालून बसला.