खिडकीची शेवटची फट

चिकटपट्टी ओढल्याचा कर्रकन आवाज आला की मला सौदीतल्या दम्माममधली आमची खोली आठवते. आखाती युद्ध सुरू होतं आणि विषारी वायूच्या भीतीने सगळ्यांनी खिडक्यांना प्लास्टिक लावलं होतं. एका संध्याकाळी भोंगा वाजला, तेव्हा जिन्यात अडकलेला एक स्पॅनिश कॅमेरामन आमच्या घरात शिरला. आपली जाड काळी चिकटपट्टी त्याने मला दिली, पण खिडकीची शेवटची फट काही बुजवू देईना. तिथून आलेली उन्हाची तिरीप बायकोच्या हातांवर पडली होती. ती दाराखाली ओला टॉवेल कोंबत होती. “दोनच मिनिटं,” तो कॅमेरा लावत म्हणाला. “अहो, त्यांना सांगा, आधी ती फट बंद करू द्या,” बायको चिडून म्हणाली. मी पाहुण्याची भीड मोडू शकलो नाही. चित्रण संपल्यावर त्याने स्वतःच फट बंद केली. दुसऱ्या दिवशी तो मायदेशी निघून गेला. त्याचा पासपोर्ट त्याच्या खिशात होता, माझा कफीलच्या, म्हणजे मला नोकरीवर आणणाऱ्या मालकाच्या, कपाटात, आणि युद्ध संपेपर्यंत तो मागायची सोय नव्हती. परवा टीव्हीवर त्या कॅमेरामनला मोठा पुरस्कार मिळताना ते दृश्य दाखवलं. “बांगड्या माझ्याच,” बायको म्हणाली. मला मात्र कडेला माझा अंगठा दिसला, पट्टी ताणून धरलेला, त्याचं चित्रण होण्याची वाट बघत.