सवतीचा साबण

माझं लग्न झालं तेव्हा मला सतरावं लागलं होतं आणि नवऱ्याला बत्तिसावं. अमडापूरच्या शेतकऱ्याची मुलगी मेहकरच्या वकिलाच्या घरात पडली म्हणून सगळ्या नातलगांनी माझ्या नशिबाचं कौतुक केलं. वर बिजवर आहे आणि त्याला पाच वर्षांची लेक आहे, हे मात्र सगळे आवाज खाली करून बोलायचे. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या गळ्यात चांदीचा एक टाक बांधला. त्यावर बाईची आकृती ठोकलेली होती. ती माझी सवत, आठ महिन्यांपूर्वी तापानं गेलेली. लुगडं असो, बांगडी असो, नवी वस्तू आधी टाकाला लावायची, मग आपण वापरायची, नाहीतर ती रुसते, असं त्यांनी मला बजावलं.

माहेरी आम्ही अंगाला हरभऱ्याचं पीठ लावायचो आणि केसांना शिकेकाई. इथे न्हाणीत विलायती साबणाची वडी, कोनाड्यात तोंडाला लावायच्या स्नोची बाटली आणि पावडरचा डबा. सवत नागपूरची होती, तिला तेच लागायचं. नवरा अकोल्याच्या एका दुकानातून आणायचा. आता तेच सगळं त्यानं माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, वापर. मला वाटलं, काय हा जीव लावतो! मी वेडी, दुसरं काय. प्रत्येक नवी वडी टाकाला लावायची आणि मग अंगाला. वास कोणत्या फुलाचा होता ते मला कधीच कळलं नाही. थोडा गोडसर, थोडा औषधी, आणि दिवसभर जायचा नाही.

पोरगी दिवसभर माझ्याकडे फिरकायची नाही. मला हाक मारायची वेळ आली की आजीच्या पदराआड जायची. पण मी न्हाऊन बाहेर आले की मागून यायची, माझ्या मानेत नाक खुपसायची आणि डोळे मिटून तशीच राहायची. कधी कधी झोपून जायची. महिन्याभरात सावत्र लेक आपलीशी केली म्हणून मी मनातल्या मनात फुशारले होते.

मग एका सकाळी मी आरशापुढे वेणी घालत होते आणि नवरा मागे येऊन उभा राहिला. आरशात मला त्याचा चेहरा दिसला. डोळे मिटलेले, श्वास आत ओढलेला, अगदी त्या पोरीसारखा. तेव्हा मला उमगलं. त्या घरात मी नव्हतेच. चार महिने ते दोघं माझ्या अंगावर दुसऱ्याच बाईला शोधत होते, आणि मी मूर्ख रोज तिला लावून बसत होते. त्यानंतर ती मला जागोजागी भेटायला लागली. गोधडीत ती, पंच्यात ती, माझ्याच केसांत ती. दुपारी घर सामसूम झालं की वाटायचं, न्हाणीत कुणी तरी आहे. आरशात बघायची मला भीती वाटायला लागली. आणि भीतीपेक्षाही राग यायचा.

लढाईचे दिवस होते, विलायती माल महाग झाला होता, आणि स्वदेशीचं वारं तर घरोघर होतं. मी सांगून टाकलं, आपल्याला नको हे महागडे लाड. सगळ्यांनी मला शहाणी सून म्हटलं. खरं कारण कुणाला सांगणार! उरलेल्या दोन वड्या, स्नो, पावडर, सगळं मी बांगड्या भरायला येणाऱ्या मुसलमान खालाला देऊन टाकलं. तिच्या पोरीचं लग्न ठरलं होतं, तिला आनंद झाला. तिनंच मला मुलतानी मातीत संत्र्याची साल कशी मिसळायची ते सांगितलं. मी साली वाळवल्या, मसूर भरडली, त्यात हळद आणि नागरमोथा घालून जात्यावर दळलं, वस्त्रगाळ केलं. स्नोच्या जागी दुधाची साय. यातलं काहीच टाकाला लावलं नाही. त्या उटण्यानं पहिल्यांदा न्हायले तेव्हा मला माझाच वास परत मिळाला, आणि मी न्हाणीत बसून रडले.

बाहेर आले तर पोरगी नेहमीप्रमाणे आली. मानेत नाक घातलं आणि मागे सरली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या पाठीमागे. दाराआड पाहिलं, न्हाणीत जाऊन पाहिलं. रडली नाही. आजीला जाऊन विचारलं, "कुठी गेली थे?"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "पोरीजवळ तेवढीच याद होती वं," त्या म्हणाल्या. "आणून ठेव न एखादी वडी."

नवराही हळूच म्हणाला की अकोल्याला चौकशी करतो, अजून मिळत असेल. मी दोघांच्या तोंडावर सांगितलं, "या घरात एकच बायको राहील." त्यानंतर कुणी विषय काढला नाही.

पोरगी आठ-दहा दिवस शोधत होती. जुना टॉवेल हुंगायची, गोधडीत डोकं खुपसायची. मी ते पाहिलं आणि सगळ्या गोधड्या, टॉवेल, पंचे पैनगंगेवर नेऊन रिठ्यानं धुतले. दोन दिवस कडक उन्हात घातले. हेही मीच केलं. मग तिनं शोधणं सोडलं.

दिवाळी जवळ आली होती. एका दुपारी मी तिला अंगणात पाटावर बसवून उटणं लावत होते. आताशा ती मुकाट्यानं लावून घ्यायची. पाठ चोळत होते तेव्हा ती मान वळवून म्हणाली, "माय, माह्या मायचा वास कसा होता वो?"

त्या दिवसापर्यंत तिनं मला माय म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दासाठी मी काय काय केलं होतं! माझा हात थांबला. मला सांगता यायला हवं होतं, चार-पाच महिने तो वास माझ्याच अंगावर होता. पण आठवायला गेले तर फक्त राग आठवत होता. वास येईना. ती वाट बघत होती. मी म्हटलं, "मोगऱ्याचा."

तिनं डोळे मिटले, मोठा श्वास घेतला. "हाव," ती म्हणाली. "आठवलं."

आता ती स्वतः आजी झाली आहे. तिच्या दारापुढे मोगऱ्याची चार झाडं आहेत. उन्हाळ्यात फुलं आली की ओंजळ भरून नातवंडांच्या नाकाशी धरते आणि सांगते, हा माझ्या मायचा वास. मी समोरच बसलेली असते. दरवर्षी वाटतं, यंदा सांगून टाकावं. सांगितलं तर तिच्याजवळ काय उरेल, या विचारानं माझं तोंड उघडत नाही.