शहाण्या पोराची सुटका

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा त्याला कलेक्टर, पाटी आणि दुष्काळ एकदमच मिळाले. मागोमाग मुलांचं निरीक्षणगृह आलं. त्याला बंद पडलेल्या डाळमिलचं गोदाम मिळालं. तिथं मुलं खरोखर सुधारतात का, हे तपासायला आमच्या संस्थेनं मला नांदेडहून एस.टी.नं धाडलं.

अधीक्षक उदगीरकडचे, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मधाळ. त्यांनी सगळ्यांत आधी एक पोरगा दाखवला. त्यानं टँकरची पितळी तोटी काढून भंगारात विकली होती. अधीक्षकांनी त्याच्यातला गुण हेरून टँकरचं पाणी हौदात उतरवून घ्यायचं काम त्यालाच दिलं होतं. थेंबही सांडत नसे. "ह्याला आम्ही व्यवसाय शिक्षण म्हणतो," अधीक्षक म्हणाले.

पोराला घरी जायचं होतं. सोडायचं का, हे कोर्ट अधीक्षकांच्या अभिप्रायावर ठरवी, आणि अभिप्राय दर वेळी एकच: अजून संस्कारांची गरज आहे. ज्यानं खिडक्या फोडल्या, स्वयंपाक्याचा चावा घेतला, त्याला मात्र कुटुंबाच्या प्रेमाची गरज असे आणि तो लगोलग घरी जाई. मी आणलेल्या प्रश्नावलीत असला प्रश्नच नव्हता.

बाजारच्या दिवशी पोराची आई आली. रोजगार हमीवर खडी फोडायची, घरी धाकटी मुलगी एकटी.

"बाई, लेकरू लई गुणाचं हाय तुमचं," अधीक्षक म्हणाले.

"मंग सोडा की."

"गुणाचं हाय म्हणूनच म्हणतो, राहू द्या अजून."

बाई बाहेर आली आणि मला म्हणाली, "साहेब, ते चावरं पोरगं कसं सुटलं हो?"

मी जे पाहिलं होतं ते सांगितलं.

"म्हंजे माझं येडं शाण्यावानी वागून राहिलं म्हणून अडकलं व्हय?"

अहवालात हे अशा शब्दांत येणार नाही, पण अर्थ तोच, असं मी म्हणालो. तिनं पोराला बोलावलं, पाठीत एक धपाटा घातला आणि कानात काहीतरी सांगितलं.

पुढचा टँकर आला तेव्हा पाइप हौदात न जाता अधीक्षकांच्या खिडकीतून आत गेला. पाहुण्यांसाठी अंथरलेली सतरंजी तरंगायला लागली. अधीक्षक पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खुर्चीवर चढले. रस्त्यावरच्या बाया घागरी घेऊन धावल्या. दुष्काळात कार्यालयातलं पाणीही पाणीच.

कोर्टाकडे अभिप्राय त्याच संध्याकाळी गेला. कुटुंबाच्या प्रेमाची नितांत गरज.

न्यायला आई आली. निघताना पोरगा अधीक्षकांच्या पाया पडायला वाकला. अधीक्षकांचे डोळे भरून आले. बाईनं त्याला कॉलरला धरून मागं ओढलं.

"बास कर. चांगला दिसलास तर ठेवून घेतील."